दोघंही नोकरीला आणि घरी दोन महिन्यांचं लॅब, दिवसभर एकटं कसं ठेवायचं?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहता, मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत, सकाळी आठला निघतात ते सातला घरी, तुम्ही शाळेत, साडेदहाला निघता आणि पावणेसहापर्यंत येता. फेब्रुवारीत लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, नर आहे, आता दोन महिन्यांचं झालंय. दिवसभर रडतंय, शेजारी बोलून गेले, घरभर शी-शू, आल्यावर रागावून पण काही फरक नाही. एकटं राहायला कसं शिकवायचं हा मुख्य प्रश्न, आणि सोबत तीन छोटे, सासूबाई म्हणतात गच्चीवर बांधा ते बरोबर आहे का, मिस्टरांचे मित्र म्हणतात अजून एक पिल्लू आणा म्हणजे सोबत होईल ते करावं का, आणि नाहीच जमलं तर परत द्यायचं का.

मी सोलापुरात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस बरीच वर्षं करतोय आणि ही तक्रार महिन्यातून कितीतरी घरांतून ऐकतो, म्हणून सरळच सांगतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला सात तास एकटं राहायला शिकवता येत नाही. कुठलाच ट्रेनर शिकवू शकणार नाही कारण त्याचं शरीरच अजून त्यासाठी तयार नाही. लघवी धरून ठेवण्याचा एक ढोबळ हिशोब आहे, जितके महिने वय त्यात एक मिळवा, साधारण तितके तास, तेही जास्तीत जास्त. म्हणजे तुमचं पिल्लू जागेपणी फार तर तीन तास धरेल, खेळलं-पाणी प्यायलं तर तेवढंही नाही. आणि आयुष्यातले पहिले सात-आठ आठवडे ते आई आणि भावंडांच्या अंगावर झोपलेलं असतं, एकटं म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं, त्यामुळे दार बंद झालं की ते जे रडतं ते हट्टाने नाही, खरंच घाबरून रडतं. म्हणून आत्ता पिल्लाला बदलायच्या आधी तुमच्या दोघांच्या दिवसात बदल करावा लागेल, पुढचे तीन-साडेतीन महिने दुपारी कुणीतरी माणूस घरी यायलाच हवं, आणि त्याच काळात एकटं राहायची सवय मिनिटामिनिटाने लावायची. ही दोन्ही कामं बरोबर चालली तर जमतं, एकच केलं तर नाही जमत.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली आहे आणि ती बहुतेक तुमच्या लक्षात आलेली नाही. तुम्ही शिक्षिका आहात. मार्चमध्ये उन्हं वाढली की शाळा सकाळची होईल, म्हणजे मिस्टर आठला निघेपर्यंत पिल्लू त्यांच्याजवळ आणि तुम्ही साडेबारापर्यंत घरी, एकटं राहायचं ते साडेचार तास. तेव्हा ते तीन महिन्यांचं असेल, मध्ये एक चक्कर कुणाची झाली तरी भागेल. मग मे महिन्याची सुट्टी. आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हा पिल्लू साडेपाच महिन्यांचं, दुपारी एक माणूस येऊन गेलं तर तेव्हा सात तासही निघतील. म्हणजे खरी कसोटी आत्ता शाळा सकाळची होईपर्यंतच आहे, हे दोन-तीन आठवडे कसेही करून काढायचे. मिस्टरांच्या रजा शिल्लक असतील तर त्या आत्ता वापरा, सलग नको, आठवड्यातून एक-दोन अशा पसरून, किंवा कंपनीत शिफ्ट बदलून मिळत असेल तर सेकंड शिफ्ट मागून बघा, म्हणजे सकाळ त्यांची आणि संध्याकाळ तुमची.

आणि सासूबाईंना बोलवा. गावाकडे असतात असं तुम्ही लिहिलंय, महिनाभर येऊ शकल्या तर याच्यापेक्षा चांगला उपाय नाही. गच्चीवर बांधा म्हणणाऱ्या आज्या आठ दिवसात स्वतःच्या ताटाजवळ पिल्लू घेऊन बसलेल्या मी खूप बघितल्यात. फक्त आल्यावर त्यांना पिल्लामागे पळायला लावू नका, वाकून शी काढायला लावू नका, पाय अडखळून पडायची भीती असते त्या वयात. त्यांनी नुसतं घरात असणं, वेळेवर खायला घालणं आणि गॅलरीचं दार उघडणं एवढंच.

ते नाही जमलं तर दुपारचं माणूस शोधायचं. आपल्याकडे मोठ्या शहरांसारखं पेट-सिटर अ‍ॅपवर मिळेल न मिळेल, पण बिल्डिंगमध्ये रिटायर झालेले काका असतात, कॉलेजचा मुलगा असतो ज्याला कुत्रं पाळायचंय पण घरचे नाही म्हणतात, भांड्याच्या मावशी असतात. मावशींची वेळ सकाळची असेल तर दुपारी एकची करून घ्या आणि त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे द्या, फुकटात मागू नका, फुकटाचं काम चार दिवसांनी बंद पडतं. माणूस कोणीही असो, आधी रविवारी बोलवून पिल्लाशी ओळख करून द्या आणि दोनदा तुमच्यासमोर सगळं करायला लावा. म्हणजे असं, आत आल्यावर ओरडून लाड करायचे नाहीत, सरळ त्याची जाळी (ती कशी करायची ते पुढे सांगतो) उघडून पिल्लाला उचलायचं आणि गॅलरीतल्या कागदावर ठेवायचं, दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. शू केली की तिथल्या तिथे त्याच्या खाण्याचा एक दाणा द्यायचा. मग खाणं. खाऊन झालं की दहा-पंधरा मिनिटं खेळायचं, दोरीने ओढाओढी, बॉल, काहीही. मग परत कागदावर, कारण खाल्ल्यानंतर पाच ते वीस मिनिटांत शी होतेच. मग पाणी भरून, चावायला काहीतरी देऊन जाळीत, आणि निघायचं. अर्धा तास पुरतो. हे एक वाजता आणि शक्य असेल तर साडेतीनला परत पाच मिनिटं फक्त शूसाठी. एवढं झालं तर मधल्या वेळात पिल्लू झोपतं, कारण या वयात ते दिवसाचे अठरा तासही झोपतं, तुम्हाला वाटतंय तसं सात तास एकटं बसून वाट बघत नाही. पोट रिकामं, शू तुंबलेली आणि अंगात खेळायची खुमखुमी असली की मग मात्र झोप येत नाही आणि रडणं सुरू होतं.

आता जागा. तुम्ही आत्ता हॉलमध्ये मोकळं सोडून जाताय, काही घरात साखळीने खिडकीच्या गजाला बांधतात, काही जण छोट्या पिंजऱ्यात कोंडून दिवसभर जातात. तिन्ही नको. साखळी तर अजिबात नको, एवढ्या लहान वयात गळ्याला गुंडाळते आणि बांधून वाढलेलं कुत्रं पुढे चिडकं होण्याची शक्यता जास्त असते. पिंजरा रात्री झोपायला किंवा तास-दीड तासाला ठीक आहे, दिवसभर नाही, त्यात त्याला नाइलाजाने स्वतःच्या घाणीत बसावं लागतं आणि एकदा त्याची सवय झाली की शी-शू शिकवणं फार अवघड जातं. घडीची जाळी मिळते, प्लेपेन म्हणतात तिला, ती घ्या किंवा सुताराकडून दाराला तीन फुटी जाळीचं फाटक करून स्वयंपाकघराशेजारची एक खोली द्या. दार पूर्ण बंद करू नका, जाळीतून घर दिसत राहिलं की पिल्लू कमी घाबरतं. आत एका कोपऱ्यात झोपायला, लांबच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र, मध्ये पाण्याचं जड भांडं. प्लास्टिकचं नको, चावून खाईल, मातीचं पसरट भांडं बेस्ट, पाणी गार पण राहतं आणि उलटत नाही. फरशी गुळगुळीत असेल तर रबरी मॅट टाका, लॅबला पुढे खुब्याचा त्रास होऊ शकतो, त्यात घसरत वाढलं तर अजूनच.

झोपायला काय टाकताय ते मात्र नीट बघा. आपल्या गावात प्रत्येक घरात जुन्या चादरी आणि टॉवेल असतात आणि तेच अंथरले जातात, चादर चांगलीच आहे, पण कडेचे सुटलेले दोरे आणि टॉवेलच्या झालरी कापून, कड दुमडून शिवून मगच टाका. पिल्लू दोरा चघळत चघळत गिळतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं, मग नाडी ओढल्यावर परकराची चुणी पडते तसं सगळं आतडं गोळा होतं आणि दोरा आतून चिरत जातो. आपल्याकडे ज्या घरात पॉवरलूम आहे किंवा शिलाईचं काम आहे तिथे तर जास्तच सांभाळायचं. पिल्लू एकसारखं उलट्या करतंय, खात नाही, पोट दुखल्यासारखं वाकून उभं राहतंय तर दवाखान्यात या. आणि शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढू नका, ओढला की आत आतडं फाटू शकतं. तसंच दवाखान्यात घेऊन या, ऑपरेशन लागू शकतं पण वेळेत आलं तर वाचतं.

दुसरी आपल्या गावची गोष्ट म्हणजे पाणी. नळ रोज येत नाही म्हणून बादल्या, टब, पिंप भरलेले असतात. पिल्लू वाकून बघतं आणि डोक्यावर पडतं, आणि उभ्या कडेच्या भांड्यातून त्याला बाहेर येता येत नाही. झाकण नसलेलं एकही भांडं त्याच्या खोलीत नको. वायरी, चार्जर, झाडांच्या कुंड्या, चपला, झुरळाचं-उंदराचं औषध हे सांगायला नकोच.

आता एकटं राहायची सवय. हे काम रोज दहा मिनिटांचं आहे पण रोज करायचं आणि तुम्ही घरी असताना करायचं. सुरुवातीला पिल्लू जाळीत, चावायला काहीतरी दिलेलं, तुम्ही जाळीबाहेर खुर्चीवर मोबाईल बघत बसा. त्याच्याकडे बघू नका. दोन-चार दिवसांत ते तुम्ही जवळ असूनही स्वतःत रमायला लागेल. मग उठा, स्वयंपाकघरात जा, पाच सेकंदात परत. मग वीस सेकंद. मग दोन मिनिटं, मग परत तीस सेकंद, कधी जास्त कधी कमी, सारखं वाढवतच नेलं तर पिल्लाला कळतं की प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त लांबतंय. रडायच्या आत परत यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. रडायला लागल्यावर आलात तर रडलं की येतात हे ते शिकतं, आणि अजिबात आला नाहीत तर एकटं राहणं भयंकर असतं हे शिकतं, म्हणून वेळ इतकी छोटी ठेवायची की रडण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. जुन्या लोकांचं म्हणणं असतं की रडू दे, रडून रडून गप्प होईल. होतं गप्प, पण थकून होतं, आणि असं थकवून गप्प केलेली काही कुत्री मोठी झाल्यावर दारं ओरबाडतात, नखं तुटेपर्यंत.

घराबाहेर जायच्या खुणा पिल्लू फार लवकर ओळखतं. मिस्टरांनी हेल्मेट घेतलं, गाडीची किल्ली वाजली, तुम्ही पर्समध्ये डबा ठेवला की त्याचं धाबं दणाणतं. म्हणून या गोष्टी उगाचच करत राहा. हेल्मेट घालून सोफ्यावर बसा. किल्ली वाजवून भाजी निवडा. चप्पल घालून गॅलरीत जाऊन या. आठवडाभरात त्या आवाजाचा अर्थ पुसट होतो. मग खरंच दाराबाहेर, जिन्यात एक मिनिट, खाली वॉचमनपर्यंत जाऊन येणं, कोपऱ्यावर दूध आणणं. निघताना गळ्यात पडून निरोप घेऊ नका आणि आल्यावर पण पहिली दोन मिनिटं शांतपणे पर्स ठेवा, हात धुवा, सरळ त्याला कागदावर न्या, लाड नंतर. जाताना दर वेळी असं काहीतरी द्यायचं जे फक्त तेव्हाच मिळतं, रबरी पोकळ खेळणं मिळतं त्यात भिजवलेलं खाणं किंवा दही भरून फ्रीजरमध्ये ठेवलेलं, वीस-पंचवीस मिनिटं चाटत बसतं आणि चाटता चाटता झोपतं.

एक जुना मोबाईल चार्जिंगला लावून जाळीकडे तोंड करून ठेवा आणि निघताना रेकॉर्डिंग लावा, यातून खूप कळतं. पिल्लू पाच-दहा मिनिटं कुरकुर करून झोपलं आणि मध्येच उठून कागद फाडला तर ते कंटाळ्याचं लक्षण, त्याला खेळ आणि चावायला जास्त द्या. पण तुम्ही गेल्या गेल्या लाळ गाळतंय, धापा टाकतंय, दाराकडे बघून अर्धा-पाऊण तास सलग ओरडतंय, ठेवलेल्या खाऊला तोंडही लावत नाही तर ते भीतीचं आहे, तिथे वेळ कमी करून पहिल्यापासून सुरू करायचं आणि तो व्हिडिओ तुमच्या डॉक्टरांना दाखवायचा. शेजाऱ्यांनाही एकदा जाऊन सांगा, पेढे घेऊन जा वाटल्यास, की असं असं शिकवतोय, महिनाभर सांभाळून घ्या. न सांगता दार लावून जाणाऱ्यांचाच लोकांना राग येतो.

मेच्या सुट्टीबद्दल आत्ताच सांगून ठेवतो कारण शिक्षकांच्या घरात हे हमखास होतं. दीड महिना पिल्लू चोवीस तास तुमच्या पायात असतं आणि जूनमध्ये एके दिवशी सगळे अचानक गायब. मार्च-एप्रिलमध्ये शिकवलेलं सगळं वाया जातं. म्हणून सुट्टीतही रोज दोन तास ते त्याच्या जाळीत आणि तुम्ही बाहेर किंवा दुसऱ्या खोलीत, हे मोडायचं नाही. लग्नसराईत ते आपोआप होईल म्हणा.

शी-शूसाठी रागावणं आजपासून बंद करा. दुपारी दोनला केलेल्या शूसाठी पावणेसहाला ओरडलात तर त्याला त्या शूशी काही संबंध लागत नाही, तुम्ही घरात आलात की ओरडता एवढंच कळतं. ते कान पाडून कोपऱ्यात जातं त्याला आपण ‘त्याला चूक कळलीय’ म्हणतो, ते तुमच्या चेहऱ्याला घाबरलेलं असतं. नाक घासणं वगैरे तर नकोच. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपायच्या आधी, इतक्या वेळा उचलून त्याच्या जागेवर न्यायचं, केली की लगेच तिथेच खाऊ. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की उचला. घरात झालेली जागा फिनेलने पुसू नका, फिनेल पंजाला लागून चाटलं जातं आणि लहान पिल्लाला ते विषारी आहे, आणि वास पूर्ण जातही नाही. साबणाच्या पाण्याने पुसून मग पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसा. आधीच पाण्याची टंचाई, त्यात दिवसातून चारदा फरशी धुणं कुणाला परवडणार, म्हणून कागदाची सवय लवकर लागणं आपल्या गावात जास्त गरजेचं आहे.

यातच एक खाण्याची गोष्ट येते. तुम्ही दूध-पोळी देताय असं लिहिलंय. बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध नीट पचत नाही, शी पातळ होते, आणि पातळ शी कुणालाच धरता येत नाही. दूध बंद केल्यावर आठवड्यात निम्मी घाण कमी झालेली घरं मी बघितलीत. शिवाय नुसत्या दूध-पोळीवर किंवा दूध-भाकरीवर वाढलेल्या पिल्लाला प्रोटीन आणि बाकीचं पुरेसं मिळत नाही, पाय वाकडे झालेली पिल्लं आमच्याकडे येतात त्यात बरीचशी अशीच असतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून द्या, ते नको असेल तर उकडलेलं अंडं, चिकन, भात, थोडी भाजी असं डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या. तयार खाणं चालू असेल तर मनाने कॅल्शियमचं टॉनिक घालू नका, लॅबला जास्त कॅल्शियमही बाधतं. आत्ता दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. भिजवलेलं खाणं सकाळी ठेवून दिवसभरासाठी सोडून जाऊ नका, आपल्या उन्हात दुपारपर्यंत आंबतं. कडक भाकरीचा कोरा तुकडा दात शिवशिवायला लागल्यावर कधीतरी चघळायला चालतो, पण शेंगा चटणी लावलेला नाही, तिच्यात लसूण असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक. आणि बेदाणा. आपल्या जिल्ह्यात घराघरात बेदाणा असतो, पाहुणा आला की वाटी पुढे येते आणि कुणीतरी प्रेमाने चार दाणे पिल्लाला टाकतं. द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते, किती खाल्ल्यावर जाईल याचा नेम नाही, म्हणून एकही नाही. चुकून खाल्लं तर लगेच फोन करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

गच्चीचं उत्तर एका शब्दात, नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते शरीर गार करतं, आणि पिल्लाची ती ताकद कमीच असते. सावली आहे, पाणी ठेवलंय म्हणून भागत नाही, सावली सरकते आणि पाणी सांडतं. घरातसुद्धा कूलरच्या भरवशावर खोली बंद करून जाऊ नका, लाईट गेली की संपलं, खिडकी उघडी असलेली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली द्या, शहाबादी फरशी असेल तर उत्तम, त्यावर कडेला ओलं पोतं टाकून ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, ते 104 च्या वर जायला लागलं की धोका. खूप जोरात धाप, लाल भडक हिरड्या, तोल जाणं, उलटी असं दिसलं तर साधं पाणी अंगावर ओतत पंख्याखाली धरा आणि निघा दवाखान्यात. बर्फ नको, ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवणंही नको, टॉवेल गरम होऊन उष्णता आतच राहते.

दुसरं पिल्लू आणू नका. माणसाची सोबत नसलेली दोन पिल्लं एकमेकांनाच धरून राहतात, तुमचं ऐकायला शिकत नाहीत, एकाला जरा बाजूला नेलं की दोघंही ओरडतात, आणि शी-शू दुप्पट. हे पिल्लू दीड वर्षाचं होऊ दे, मग हवं तर विचार करा.

लसीचं बघा. पहिला डोस झालाय म्हणालात, पुढचा तीन ते चार आठवड्यांनी, आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत हे डोस पूर्ण करायचेच, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसला नीट काम करू देत नाही. रेबीजची तीन महिन्यांना. तोवर रस्त्यावर, जिथे इतर कुत्री शी करतात तिथे खाली सोडायचं नाही, पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू जमिनीत महिनोनमहिने राहतो आणि आपण चपलेवरही तो घरी आणतो, म्हणून चपला दाराबाहेर. सुस्त पडलं, उलट्या आणि घाण वासाची रक्ताची जुलाब सुरू झाली तर एक रात्रही थांबायचं नाही. पण लस पूर्ण व्हायची म्हणून घरातच कोंडायचं असंही नाही, कारण तीन ते साधारण चौदा आठवडे हाच काळ असतो ज्यात पिल्लू जग ओळखतं, या काळात जे बघितलं त्याची पुढे भीती कमी वाटते. कडेवर घ्या आणि न्या. संध्याकाळी कंबर तलावाच्या बाजूला दहा मिनिटं, एकदा सात रस्त्याला कोपऱ्यावर उभं राहून रिक्षा-बसचे आवाज ऐकवा, लग्नाचा बँड लांबून, टोपीवाले आजोबा, हेल्मेटवाले, शाळेची पोरं. घाबरलं तर लांब जा, खाऊ द्या. दिवसभर घरात एकटं असणाऱ्या पिल्लाला तर ही रोजची फेरी जास्तच लागते, आणि फिरून आल्यावर झोपही चांगली लागते.

संध्याकाळी सात ते नऊ ते हाता-पायाला चावत सुटत असेल, लिहिलं नाहीत पण असणारच. तेव्हा दोघंही दमलेले असता आणि त्याला दिवसभराचं खेळायचं असतं. हात खेळायला देऊ नका, दोरी द्या. दात लागून रक्त आलं, आणि दुपारी येणाऱ्या मावशींना किंवा पोराला लागलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचंच, लहान पिल्लू आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. हे दुपारच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

परत द्यायचं का. हा प्रश्न विचारलात याबद्दल मला तुमचं कौतुक वाटतं, लोक हा प्रश्न मनातल्या मनात दाबतात आणि कुत्रं आठ महिन्यांचं झाल्यावर होटगी रोडला सोडून येतात. येत्या आठ-दहा दिवसांत सासूबाई, मावशी, शेजारी, रजा यातलं काहीच जुळलं नाही, तर ते तीन महिन्यांचं व्हायच्या आत चांगलं घर बघून देणं हे पिल्लासाठी बरं, याच वयात त्याला दुसरं घर सहज मिळतं आणि ते रुळतंही लवकर. ज्याच्याकडून आणलं त्याने पुन्हा विकायला ठेवलं तर काय उपयोग, ओळखीतलं घर शोधा जिथे दिवसभर कुणीतरी असतं, स्वतः जाऊन जागा बघा, आणि लसीचं कार्ड, पुढच्या डोसची तारीख आणि आत्ताचं खाणं पंधरा दिवस पुरेल इतकं सोबत द्या. तुम्हाला कुत्रं हवंच असेल तर नंतर दीड-दोन वर्षांचं शांत स्वभावाचं देशी कुत्रं घ्या, मध्ये एक चक्कर झाली की ते सहा-सात तास आरामात झोपून काढतं. पण तुमचं वेळापत्रक बघता मला वाटतं तुमचं हेच पिल्लू निभावेल, उद्या शाळेतून येताना जाळीचं आणि दुपारच्या माणसाचं बघा, आणि रविवारी हेल्मेट घालून सोफ्यावर बसायला सुरुवात करा.